मोबाईल जॅमर आणि माइक बहिरा करणारा डबा

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले अडखळे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? मग सुरू करू.

मागच्या महिन्यात एका श्रोत्याचा मेसेज आला. नगरकडचा आहे, नाव-गाव सांगत नाही. त्यांच्या घरी वडिलोपार्जित जमिनीची वाटणी चाललीय. बैठक बसली की चुलतभावांपैकी कुणीतरी फोन रेकॉर्डिंगवर टाकून खिशात ठेवतं, आणि संध्याकाळी क्लिप भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते. अर्धं वाक्य, मागचं-पुढचं कापलेलं. त्यामुळे आजोबा आता बैठकीत बोलतच नाहीत. तर या पठ्ठ्यानं ऑनलाइन एक यंत्र शोधून काढलं. काळा डबा, वर चार अँटेना, नाव ‘जॅमर’. मला विचारतो, ‘दादा, हे आणलं तर रेकॉर्डिंग बंद होईल का?’

होणार नाही. आणि तो डबा लावणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. म्हणजे पैसे जाणार, केस होणार आणि क्लिप फिरायची ती फिरणारच.

घोळ असा आहे की बाजारात ‘जॅमर’ या एकाच शब्दाखाली दोन अगदी वेगळी यंत्रं विकली जातात. एक रेडिओ लहरी सोडतं, दुसरं आवाज सोडतं. दोघांचं काम वेगळं, पल्ला वेगळा, आणि कायदा त्यांच्याकडे बघतो तोही वेगळ्या नजरेनं. आज हेच जरा नीट उलगडू या. मी नोकरीत कोड लिहितो, पण बीटेक इलेक्ट्रॉनिक्समधलं आहे, त्यामुळे हा विषय निघाला की मला जरा चेव येतो. सांभाळून घ्या.

आधी अँटेनावाला डबा. तुमचा फोन टॉवरशी रेडिओ लहरींनी बोलतो. टॉवरकडून येणारा सिग्नल फोनपर्यंत पोचतो तेव्हा किती क्षीण झालेला असतो, याचा अंदाज आपल्याला नसतो. स्क्रीनवर दोनेक कांड्या दिसत असतील तेव्हा ती शक्ती साधारण उणे शंभर डीबीएमच्या आसपास असते. मराठीत सांगायचं तर एका वॅटचे दहा लाख कोटी तुकडे केले, त्यातला एक. एवढ्या कुजबुजीवर तुमची रील चालते! अशा ठिकाणी कुणी एक वॅटचा डबा आणून त्याच पट्ट्यात नुसती खरखर सोडली, तर फोनला टॉवर ऐकू येईनासा होतो. जॅमर एवढंच करतो. त्यात हुशारी काही नाही, निव्वळ आरडाओरडा.

आता बघा, रेकॉर्डिंगला टॉवर लागतो का? फोन फ्लाइट मोडवर टाका, सिम काढून ठेवा, व्हॉइस रेकॉर्डर तरीही चालतो. माइकमधून आवाज आत जातो, फाइल फोनमध्ये साठते. रेडिओचा संबंध येतो तो नंतर, फाइल पाठवताना. तेवढ्यापुरतं चुलतभाऊ अंगणात येऊन उभा राहील, झालं.

पण त्या दीड-दोन तासांत काय होईल ते ऐका. रेडिओ लहरी भिंतीतून जातात. जातात म्हणूनच आपल्याला घरात बसून फोन लागतो. म्हणजे त्या डब्याची खरखरही भिंतीतून जाणार. शेजारच्या घरात कुणाच्या छातीत कळ आली आणि त्यांनी १०८ लावला, तर तो लागणार नाही. ११२ लागणार नाही. रस्त्यानं जाणाऱ्याचा कॉल तुटेल. आणि यातल्या कुणालाच कळणार नाही की नेटवर्क गेलं ते कुणाच्या तरी वाटणीच्या बैठकीमुळे. सगळे आपले टेलिकॉम कंपनीला शिव्या घालत बसतील.

हे मी रंगवून सांगत नाहीये. अमेरिकेतल्या फ्लोरिडात एक गृहस्थ रोज गाडीत जॅमर चालू ठेवून कामावर जायचे. कारण काय, तर बाकीचे लोक गाडी चालवताना फोनवर बोलतात याचा त्यांना राग होता. दीड-दोन वर्षं हे चाललं. एका मोबाईल कंपनीच्या लक्षात आलं की रोज सकाळ-संध्याकाळ एकाच रस्त्यावरचे टॉवर गडबडतात. २०१३ मध्ये त्यांची गाडी अडवली, तर अडवणाऱ्या पोलिसांच्याच वॉकीटॉकीचा कंट्रोल रूमशी संपर्क तुटला. दंड ४८ हजार डॉलर.

दुसरा किस्सा नेवार्क विमानतळाचा, २०१२ चा. एका ड्रायव्हरला आपण कुठे-कुठे जातो ते मालकाला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून त्यानं कंपनीच्या गाडीत छोटासा जीपीएस जॅमर लावला. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटरवर आहेत, त्यांचा सिग्नल मोबाईलच्या सिग्नलपेक्षाही क्षीण. त्याची गाडी विमानतळाजवळून जाताना विमानांना उतरायला मदत करणारी जीपीएसवर चालणारी यंत्रणाच विस्कटायला लागली. त्याला जवळपास ३२ हजार डॉलर दंड झाला.

आणि फ्रान्समधला किस्सा तर आपल्याकडच्या कुठल्याही बापाचा वाटेल. मेसांज नावाचं गाव आहे, तिथे मध्यरात्री बारा ते तीन रोज नेटवर्क गायब व्हायचं. २०२२ मध्ये तपास करणारे अधिकारी लहरींचा माग काढत एका घरापाशी पोचले. पोरं रात्रभर फोनला चिकटतात म्हणून वडिलांनी जॅमर लावला होता. घरच्या पोरांबरोबर अख्खं गाव लवकर झोपवलं!

या तिन्ही ठिकाणी वाईट हेतू कुणाचाच नव्हता. घोटाळा यंत्रात आहे. आपल्याला हवा तेवढाच भाग त्याला झाकता येत नाही, कारण लहरी कुंपण मानत नाहीत. म्हणून आपल्या दूरसंचार विभागानं २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं: मोबाईल सिग्नल जॅमर, जीपीएस ब्लॉकर किंवा सिग्नल अडवणारं कुठलंही उपकरण सरकारनं खास परवानगी दिल्याशिवाय वापरणं बेकायदेशीर आहे. खाजगी संस्था आणि खाजगी माणसं जॅमर विकत घेऊ शकत नाहीत आणि वापरूही शकत नाहीत. त्याच वर्षी जानेवारीत ई-कॉमर्स कंपन्यांनाही नोटीस गेली की असली यंत्रं विकू नका.

मग परीक्षा केंद्रात जे जॅमर असतात त्याचं काय? जेईई दिलेल्यांना आठवत असेल, आत गेलं की फोन मुका. ते सरकारी परवानगीनं बसवलेले असतात, कमी शक्तीचे, आणि ईसीआयएल किंवा बीईएल या सरकारी कंपन्यांकडून घेतलेले. तुरुंगातही असतात. तुरुंगाशेजारी राहणाऱ्या कुणालाही विचारा, परवानगीचा जॅमरसुद्धा भिंतीपाशी थांबत नाही.

आता दुसरा डबा. हा मला जास्त आवडतो, कारण यात खरी गंमत आहे.

माणसाच्या कानाला साधारण वीस किलोहर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं. वय वाढेल तसं त्याहून कमी. हे यंत्र पंचवीस किलोहर्ट्झच्या आसपास आवाज सोडतं. खोलीत बसलेल्यांना काही ऐकू येत नाही, गप्पा चालू राहतात. पण रेकॉर्डिंग नंतर लावलं तर त्यात खरखर, आणि खरखरीखाली बुडालेलं बोलणं.

इथे इंजिनीअर मंडळी लगेच हात वर करतील. फोन तर वीस किलोहर्ट्झच्या वरचं सगळं फिल्टर करून टाकतो, मग हा आवाज फाइलमध्ये शिरला कुठून?

मिरवणुकीत डीजेचा आवाज वाढवत नेला की एका क्षणी तो फाटतो, बरोबर? फाटलेल्या आवाजात जे कर्कश सूर येतात ते मूळ गाण्यात नसतातच. स्पीकर आणि ॲम्प्लिफायर आपल्या मर्यादेपलीकडे गेले की नवे सूर स्वतःच तयार करतात. फोनच्या इवल्याशा माइकमध्येही हाच दोष थोड्या प्रमाणात आहे. जोरात आलेला अल्ट्रासाउंड त्यात सरळ उमटत नाही, आपापसात मिसळतो. चाळीस आणि बेचाळीस किलोहर्ट्झचे दोन सूर एकदम आले, तर माइकच्या आत त्यांच्यातला फरक, म्हणजे दोन किलोहर्ट्झचा एक तिसरा सूर जन्माला येतो. दोन किलोहर्ट्झ म्हणजे थेट माणसाच्या बोलण्याचा पट्टा. आणि हा जन्म होतो फिल्टरच्या आधी. फिल्टरला वाटतं, हा तर साधा ऐकू येणारा आवाज, जाऊ द्या याला. दोन सुरांऐवजी खरखर भरलेला अल्ट्रासाउंड सोडला की माइकच्या पोटात खरखर तयार. खोलीत ती नसतेच. ती फक्त माइकच्या डोक्यात असते.

हे नीट मांडून दाखवलं ते अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात, २०१७ मध्ये. निरुपम रॉय, रोमित रॉय चौधरी आणि त्यांचे सहकारी. शोधनिबंधाचं नाव ‘बॅकडोअर’. त्याच वर्षी चीनमधल्या जजियांग विद्यापीठाच्या लोकांनी हाच दोष उलटा वापरला आणि कुणालाही ऐकू न येणारे हुकूम देऊन सिरी-अलेक्साला कामाला लावून दाखवलं. त्याला नाव दिलं ‘डॉल्फिन अटॅक’.

मग शिकागो विद्यापीठ. तिथे बेन झाओ आणि हीदर झेंग हे नवरा-बायको दोघंही कॉम्प्युटर सायन्सचे प्राध्यापक. झाओंनी घरी गाणी ऐकायला इको स्पीकर आणला, आणि बाईंना ते अजिबात रुचलं नाही: घरात सतत कान देऊन बसलेलं यंत्र कशाला? या घरगुती कुरबुरीतून, पेड्रो लोपेस या सहकाऱ्याला घेऊन, त्यांनी २०२० मध्ये एक कडं बनवलं. मनगटावर घालायचं, भोवती दोन डझनांच्या आसपास छोटे अल्ट्रासोनिक स्पीकर. दिसायला जरा ओबडधोबडच आहे, लग्नात घालण्यासारखं नाही. पण मनगटावर का, याचं उत्तर फार सुंदर आहे. पंचवीस किलोहर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी जेमतेम दीड सेंटिमीटर. टेबलावर स्थिर ठेवलेल्या डब्यातून निघालेल्या लहरी काही जागी एकमेकींना मारतात आणि तिथे आंधळे ठिपके उरतात. नेमका तिथे माइक असला की तो सगळं ऐकतो. माणूस बोलताना हात हलवतोच. हात हलला की ठिपके सरकतात, आणि एकच माइक सतत ठिपक्यात राहत नाही. आपल्याकडची माणसं बोलताना जेवढे हात हलवतात ते बघता हे कडं इथे फारच चांगलं चालेल.

या आवाजाला भिंत ओलांडता येत नाही. बंद दार, जाड पडदा, एवढंच काय हाताचा तळवाही त्याला पुरतो. पल्ला काही मीटरचा. शेजाऱ्याचा फोन लागतो, रुग्णवाहिकेचा लागतो, जीपीएस चालतं, वाय-फाय चालतं. कायद्यातल्या फरकाचं मूळ इथेच आहे. बिनतारी लहरींचे कायदे, अगदी १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून, रेडिओ लहरींसाठी आहेत. रेडिओचे पट्टे ही सगळ्यांची सामायिक मालमत्ता, गावच्या पाण्यासारखी, म्हणून सरकार कुणाला किती ते वाटून देतं. आवाज म्हणजे हवेचा दाब. तो त्या वाटपात येत नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियमसुद्धा माणसाच्या कानाच्या हिशेबानं मोजलेल्या डेसिबलवर चालतात, त्या मोजणीत अल्ट्रासाउंड जवळपास धरलाच जात नाही.

एवढं ऐकून आमच्या नगरच्या मित्राला वाटेल, मग हाच घेऊ! थांब मित्रा.

एक तर तो बेभरवशाचा आहे. प्रत्येक फोनचा माइक वेगळा, कुणाचा लगेच गोंधळतो, कुणाचा कमी. आणि चुलतभावाचा फोन कुठे आहे? खिशात. कापडातून माणसाचा आवाज बऱ्यापैकी जातो, अल्ट्रासाउंड मात्र कमजोर होऊ शकतो. म्हणजे टेबलावर उघड ठेवलेला फोन बहिरा होईल आणि लपवलेला कदाचित ऐकत राहील. ज्याच्यासाठी यंत्र आणायचं तोच सुटू शकतो. शिवाय तुला ऐकून कळणारही नाही की डबा काम करतोय की नुसता दिवा लागलाय. तपासायचं तर स्वतःच रेकॉर्ड करून बघायचं, आणि तेही सगळ्या कोपऱ्यांतून.

दुसरं, आजोबा कानाचं मशीन लावतात का? त्या मशीनमध्येही माइकच असतो. अल्ट्रासाउंडवर चालणारे काही सेन्सर असतात, खोलीत माणूस आहे का ते बघून दिवे लावणारे, त्यांच्यामुळे कानाच्या मशीनमध्ये गडबड होते हे जुनंच दुखणं आहे. हा डबा तर माइकला त्रास द्यायलाच बनवलाय. म्हणजे ज्यांच्या जमिनीची वाटणी, त्यांच्याच कानात खरखर. आणि अंगणातला कुत्रा. कुत्र्याला चाळीस-पंचेचाळीस किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला त्याहून जास्त. आपल्याला शांत वाटणारी खोली त्यांच्यासाठी मिरवणूक असते.

जाता जाता एक गंमत. क्युबात अमेरिकी वकिलातीतल्या लोकांना विचित्र आवाज ऐकू आले, तब्येती बिघडल्या, हे प्रकरण २०१७ मध्ये गाजलं होतं. २०१८ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या केविन फू यांनी चीनमधल्या सहकाऱ्यांबरोबर दाखवलं की दोन अल्ट्रासोनिक यंत्रं एकमेकांवर आदळली तर असा ऐकू येणारा आवाज तयार होऊ शकतो. सगळे हेरगिरीच्या कल्पनेनं खूश. मग २०१९ मध्ये कीटकांचे अभ्यासक आले आणि म्हणाले, रेकॉर्डिंगमधला आवाज एका जातीच्या रातकिड्याशी जुळतोय. असो.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते ते सांगतो. हे यंत्र खाजगीपणासाठी म्हणून विकलं जातं, आणि ती गरज खोटी नाही. चष्म्यात माइक आला, गळ्यातल्या लॉकेटमध्ये आला, मीटिंगमध्ये कुणाचा तरी एआय नोंदी घेत बसलेला असतो. आपलं बोलणं कुठल्या सर्व्हरवर जातंय हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहेच. पण रेकॉर्डिंग कोण करतं आणि ते कुणाला नको असतं, हेही बघा ना. महाराष्ट्रात लाचेची तक्रार करायला १०६४ लावला, की लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आधी मागणीची पडताळणी करतो. म्हणजे पंचांसमोर, रेकॉर्डर लावून, साहेब खरंच पैसे मागतायत का ते टिपतो. सापळा त्यानंतर. समजा साहेबांच्या टेबलावर पेनस्टँडशेजारी एक गोंडस डबा आहे आणि त्यातून कुणाला ऐकू न येणारा आवाज येतोय. तक्रारदार बाहेर येतो, अधिकारी फाइल लावतात, आणि आत फक्त खरखर.

घरकाम करणाऱ्या मावशींचे दोन महिन्यांचे पैसे बुडवणारी मालकीण, ज्युनिअरला रात्री खोलीत बोलावणारा होस्टेलचा सीनिअर, यांच्यासमोर दुबळ्या माणसाच्या हातात असतो तो एक फोन. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नवरा-बायकोनं एकमेकांचं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंगही घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून घेता येतं. त्या निकालावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल, मी बोलणार नाही. पण रेकॉर्डिंगला न्यायालयात वजन आहे हे त्यातून कळतं. आणि वजन आहे म्हणूनच माइक बहिरा करणारं यंत्र ज्याच्याकडे पैसा आहे, ऑफिस आहे, बंद खोली आहे, त्याच्या कामाला आधी येईल. शिकागोचं कडं माणसाला मोठ्या कंपन्यांच्या स्पीकरपासून वाचवायला बनवलं होतं. तेच तंत्र साहेबांच्या टेबलावर गेलं की उलटं फिरतं. कायदा आज त्याला हात लावत नाही, कारण तो रेडिओकडे बघतोय. माझं मत विचाराल तर बंदी नको, पण सरकारी कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात असलं यंत्र ठेवायला साफ मनाई हवी.

खरेदीच्या पानावर हे दोन डबे ओळखायचे कसे, तेही सांगून टाकतो, कारण विकणारे मुद्दाम गोलमाल लिहितात. वर्णनात मेगाहर्ट्झ, गिगाहर्ट्झ, फोर-जी, फाइव्ह-जी, वाय-फाय, जीपीएस असं दिसलं की तो रेडिओवाला. हात लावू नका. किलोहर्ट्झ लिहिलं असेल आणि फोटोत जाळीच्या गोल टिकल्या दिसत असतील, तर तो आवाजवाला. इंजिनीअरिंगवाल्यांनी त्या टिकल्या पाहिल्यात, प्रोजेक्टमध्ये अंतर मोजायला जो स्वस्तातला सेन्सर वापरता त्याचे ते दोन डोळे. तोही चाळीस किलोहर्ट्झवर चालतो. आणि एकाच डब्यात दोन्ही आहे असं लिहिलं असेल, तर तो रेडिओवालाच समजा.

नगरच्या मित्राला मी जे कळवलं ते असं. बैठकीच्या खोलीबाहेर एक परात ठेव, आणि सगळ्यांनी, तू धरून, आपापले फोन त्यात ठेवून आत जायचं. आत जे ठरेल ते एकानं मोठ्यानं बोलत कागदावर लिहायचं, खाली सगळ्यांच्या सह्या, आणि त्या कागदाचा फोटो ग्रुपवर. नाहीतर सरळ उघड रेकॉर्डिंग करा, सगळ्यांच्या संमतीनं, आणि पूर्ण फाइल टाका. कापलेल्या क्लिपवर पूर्ण क्लिपसारखं औषध नाही. दोन्हींना मिळून खर्च शून्य.

राहिला एक प्रश्न, तो दर वेळी येतोच: नेटवर्क अडवणं गुन्हा, मग वाढवणं तरी चालतं का? बिल्डिंगच्या गच्चीवर बसवतात तो सिग्नल बूस्टर? तोही चालत नाही. परवानाधारक टेलिकॉम कंपनीशिवाय इतर कुणी बूस्टर ठेवणं, विकणं, वापरणं बेकायदेशीर आहे. कारण तेच, तुमच्या फ्लॅटमध्ये कांड्या वाढतात आणि समोरच्या बिल्डिंगचे कॉल तुटतात. ज्यांच्या गच्चीवर असा डबा आहे त्यांनी हा एपिसोड सोसायटीच्या सेक्रेटरीला पाठवा, कंपनीकडे रीतसर तक्रार करा, त्यांना टॉवर किंवा आतली यंत्रणा लावता येते.

प्रश्न नेहमीच्या नंबरवर पाठवा. व्हॉइस नोट पाठवलीत तरी चालेल, फक्त मिक्सर बंद करून बोला. भेटू पुढच्या शनिवारी.